राउटरची पारख बिघाडाच्या दिवशी

घरगुती ब्रॉडबँडसाठी राउटर घेताना ग्राहकापुढे आधी दोन गोष्टी ठेवल्या जातात: खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा आणि मागे उभ्या असलेल्या अँटेना. वापरायला सोपा असणे हा गुण त्यानंतर येतो, तोही नवशिक्यांसाठी केलेली सोय म्हणून. हा क्रम मुळातच उलटा आहे. राउटर दिवसरात्र चालू असतो. मुलांचा अभ्यास, कार्यालयाचे काम, परगावच्या माणसांशी बोलणे हे सगळे त्याच्या भरवशावर चालते, आणि त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ घरात नसतो. इंटरनेट बंद पडते तेव्हा राउटर ज्याने बसवला तो माणूस बहुधा बाहेर असतो. म्हणून घरातल्या सर्वांत कमी माहितगार माणसाला बिघाड कुठे आहे ते कळावे आणि त्याच्या हातून आणखी काही बिघडू नये, ही घरगुती राउटरची पहिली कसोटी आहे. तिच्यावर वेग, पल्ला आणि सुरक्षितता या तिन्ही बाजूंनी आक्षेप येतात.

वेगाचा आक्षेप सर्वांत मोठ्याने मांडला जातो आणि सर्वांत कमी टिकतो. खोक्यावरच्या ‘एसी १२००’ या नावातला आकडा दोन वेगळ्या पट्ट्यांची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला ३०० मेगाबिट, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिट, मिळून ११६७, आणि ते वाढवून १२००. फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला येतच नाही. शिवाय हे आकडे जोडणीची कमाल मर्यादा सांगतात. प्रत्यक्षात मिळणारा वेग त्याहून बराच कमी असतो. खरी अडचण राउटरच्या पाठीमागे असते. बाराशेचा आकडा मिरवणाऱ्या अनेक स्वस्त राउटरांचे केबलचे पोर्ट मात्र १०० मेगाबिटांचेच असतात. अशा घरात २०० मेगाबिटांचा प्लॅन घेतला, तर त्याचा निम्मा वेग पोर्टापाशीच अडतो आणि दोष मात्र केबलवाल्याला दिला जातो. १०० मेगाबिटांपेक्षा मोठा प्लॅन असेल तर तपशिलात ‘१०/१००/१०००’ असे लिहिलेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे. गरजेचाही अंदाज हवा. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ मेगाबिटांचा वेग पुरतो. २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ६ चा खरा लाभ एकाच वेळी अनेक उपकरणे सांभाळण्यात आहे, आणि तो घेण्याजोगा आहे. २०२४ मध्ये आलेल्या वाय-फाय ७ साठी जादा पैसे मोजावेत अशी गरज सर्वसाधारण घराला नाही.

अँटेनांचे तर्कशास्त्र याहून कच्चे आहे. राउटरने किती शक्तीने प्रक्षेपण करायचे याची मर्यादा नियमांनी ठरवलेली असते. अँटेना चार असोत की आठ, ती ओलांडता येत नाही. जास्त अँटेनांमुळे एकाच वेळी जास्त प्रवाह पाठवता येतात, पण बहुतेक फोन दोनच प्रवाह घेऊ शकतात. पल्ला ठरतो तो भिंतींवर आणि जागेवर. कोकणातली आणि गोव्यातली जांभ्याची जाड भिंत, आरसीसीचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा यांपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर लवकर दमते, २.४ ची थोडी पुढे जाते. केबल खिडकीतून आत येते म्हणून राउटरही खिडकीशीच टांगला जातो आणि निम्मी लहर रस्त्यावर जाते. आणखी पाच-दहा मीटर केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवला, तर महागड्या राउटरपेक्षा अधिक फरक पडतो. दुमजली घरात दुसऱ्या मजल्यावर केबल नेऊन तिथे दुसरा वाय-फाय बिंदू बसवणे हाच खात्रीचा उपाय.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याला एक खरे उदाहरण आहे. पासवर्ड न टाकता उपकरण जोडता यावे म्हणून डब्ल्यूपीएस ही सोय आणली गेली. तिच्यातल्या आठ अंकी पिनमधले दोष श्टेफान फीबक या संशोधकाने २०११ च्या अखेरीस उघड केले. राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासत होता, आणि शेवटचा अंक फक्त पडताळणीचा होता. म्हणजे दहा कोटी शक्यतांऐवजी पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,०००, एवढ्याच चाचण्या पुरत होत्या. काही तासांत घरात शिरता येत होते. ती सोय घातक होती हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि आजही राउटरमध्ये डब्ल्यूपीएसचा पिन चालू असेल तर तो बंद करावा.

पण यावरून सोपेपणा आणि सुरक्षितता एकमेकांचे वैरी आहेत असा निष्कर्ष काढणे चूक आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून. ते पासवर्ड बदललेच गेले नव्हते, कारण अनेकदा ते बदलण्याची वाट आतल्या पानांत लपलेली असते आणि बदलायला हवेत हे मालकांना कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या तशाच घातक प्रणालीने ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत घर केले, त्यांतल्या बहुतेकांमधल्या त्रुटी आधीच माहीत होत्या. अवघड राउटर अद्ययावत केला जात नाही, आणि जो अद्ययावत होत नाही तो सुरक्षित राहत नाही. प्रत्येक राउटरचा पासवर्ड वेगळा असावा आणि तो खालच्या स्टिकरवर छापलेला असावा, सुधारणा रात्री आपोआप उतराव्यात, ही सोपेपणाचीच लक्षणे आहेत आणि संरक्षणाचीही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच सरसकट पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी आली, आणि सुरक्षेच्या सुधारणा किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. भारतातल्या ग्राहकानेही खरेदीआधी हाच प्रश्न विचारावा.

जाणकारांचा एक वर्ग म्हणतो की सोपा राउटर माणसाच्या हातातले नियंत्रण काढून घेतो. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या राउटरपासून वाढलेली आणि पुढे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रुजलेली परंपरा आदरास पात्रच आहे, तिने लोकांना आपले यंत्र उघडून पाहायला शिकवले. पण बारीकसारीक पर्याय एका आतल्या पानावर ठेवून वरचे पान मोकळे ठेवता येते, त्यासाठी काहीही काढून टाकावे लागत नाही. या वर्गाचा इशारा एका ठिकाणी मात्र पूर्ण खरा ठरतो: फक्त अ‍ॅपवर चालणाऱ्या राउटरांच्या बाबतीत. गुगलने २०१५ मध्ये आणलेला ‘ऑनहब’ मांडायला अतिशय सोपा होता. २०२३ च्या सुरुवातीपासून तो कंपनीच्या अ‍ॅपमधून हाताळता येईनासा झाला. अ‍ॅपमध्ये शिरायलाच इंटरनेट लागत असेल, तर इंटरनेट गेलेल्या दिवशी ते अ‍ॅप कुचकामी ठरते. म्हणून अ‍ॅप असावे, पण घरच्या ब्राउझरमध्ये उघडणारे पानही असावे.

बिघाडाच्या दिवशी सोपेपणा कसा उपयोगी पडतो हे दिव्यांवरून कळते. फायबरची तार जिथे जोडली जाते त्या ओएनटी नावाच्या डब्यावर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर घरापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, केबलवाल्यालाच फोन करावा लागतो. तो दिवा विझलेला आणि ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल, तर दोष बहुधा पुढे, राउटरमध्ये किंवा खात्यात आहे. चांगला राउटर हा भेद एका दिव्यात किंवा एका वाक्यात दाखवतो. सारख्याच निळ्या ठिपक्यांची रांग काही सांगत नाही. दुसरी गोष्ट रिसेटच्या छिद्राची. घाबरलेला माणूस टाचणी घालून ते दहा सेकंद दाबून धरतो, आणि वाय-फायच्या नावाबरोबर केबलवाल्याशी जोडणीसाठी लागणारे पीपीपीओईचे नाव-पासवर्डही पुसले जातात. ते लिहिलेला कागद घरात नसला, तर केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत सगळे ठप्प. म्हणून बंद-चालू करण्याचे बटण वेगळे आणि ठळक हवे, मांडणीची प्रत फाइलमध्ये उतरवून ठेवता यायला हवी, आणि पीपीपीओईचे तपशील राउटरखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर असावेत.

ब्रॉडबँड कंपनीने दिलेला डबा पुरेसा आहे, असेही म्हटले जाते. एक-दोन खोल्यांच्या घरात ते खरे आहे, आणि तिथे दुसरा राउटर घेऊ नये. घर मोठे असेल तर स्वतःचा राउटर जोडताना एकाच डब्याला राउटरचे काम द्यावे: जुना ब्रिज पद्धतीत टाकावा किंवा नवा फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवावा. दोन्ही डबे राउटर म्हणून चालू राहिले की ऑनलाइन खेळ, घरचे कॅमेरे आणि प्रिंटर यांच्यात न उमगणारे घोळ होतात. काही केबलवाले ग्राहकाचे खाते राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधतात. तिथे नवा राउटर लावण्याआधी त्याच्या स्टिकरवरचा पत्ता त्यांना कळवावा लागतो.

वीज जाणे हाही एक बिघाडच. ती वारंवार जाते त्या गावांत राउटर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा निवडावा, म्हणजे बाजारात मिळणारा छोटा यूपीएस त्याला थेट लागतो. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना हा आधार लागतो. एकट्या राउटरला दिला, तर फोनवर वाय-फाय जोडलेले दिसते आणि इंटरनेट मात्र येत नाही.