आश्रय आणि वंश : औषधी अळंब्यांच्या ओळखीचा प्रश्न

काष्ठौषधींच्या दुकानात 'फणसांबा' मागितला की तपकिरी, लाकडासारखा कठीण तुकडा हाती पडतो. बालकांच्या मुखरोगात तो उगाळून हिरड्यांवर लावण्याची आपल्याकडे परंपरा आहे. मात्र तो तुकडा नेमका कोणत्या जातीच्या कवकाचा, हे विक्रेता सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. तो प्रश्न आता विचारलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फणसावर वाढतो तो फणसांबा, अशी ही आश्रयावरून झालेली ओळख आहे. ही रीत शास्त्रसंमतच. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात उद्भिद शाकांचे वर्गीकरण पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि भूमी अशा उत्पत्तिस्थानांवरून केले आहे. चरकाचार्यांनी सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती शीत, गुरु, मधुर व पीनसकर सांगितल्या. आश्रयाचा विचार टाकून द्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु एकाच खोडावर भिन्न वंशांची कवके वाढू शकतात, आणि अळंब्यांच्या बाबतीत बाह्य रूप फार फसवे असते. फणसांबा ज्या फेलिनस गणात मोडतो असे मानले जाते, त्या गणाचेच आधुनिक संशोधकांनी अनेक गणांत विभाजन केले आहे. 'गॅनोडर्मा ल्युसिडम' हे नाव मूळचे १७८१ साली इंग्लंडमधील कवकाला दिलेले. पूर्व आशियातील लिंगझीलाही तेच चिकटले. ती 'गॅनोडर्मा लिंगझी' ही स्वतंत्र जाती असल्याचे २०१२ साली मांडले गेले, तरी डब्यांवर जुने नाव छापले जातेच.

मग वंश कशावरून ठरवावा? पेशीत दोन साक्षीदार असतात : एक केंद्रक, दुसरी तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया. तिचा स्वतःचा छोटा जनुकसंच असतो. मनुष्यात तो १६,५६९ बेसजोड्यांचा. धिंगरी अळंबीत ७३,२४२ आणि बाजारातील पांढऱ्या बटण अळंबीत १,३५,००५ बेसजोड्यांचा. श्वसनक्रियेची मुख्य जनुके मात्र बहुतांशी तीच. वाढलेला पसारा प्रामुख्याने जनुकांच्या मध्ये शिरलेल्या इंट्रॉनांचा आणि जनुकांमधील मोकळ्या भागांचा. बटण अळंबीतील 'कॉक्स-१' हे एकच जनुक २९,९०२ बेसजोड्यांचे असून त्यात तब्बल १९ इंट्रॉन आहेत. प्रथिनाचा संकेत देणारा भाग जेमतेम दीड-दोन हजारांचा! असे काही इंट्रॉन एका जातीतून दुसऱ्या जातीतही जाऊन बसतात. त्यामुळे नेमका इंट्रॉनचाच तुकडा तपासला तर वंशाची साक्ष खोटी ठरू शकते. प्राण्यांच्या ओळखीसाठी मान्य झालेले हे जनुक कवकांसाठी गैरसोयीचे ठरले, आणि २०१२ साली केंद्रकातील 'आयटीएस' हा भाग कवकांच्या ओळखीचे प्रमाण म्हणून पुढे आला.

तरीही दुसरा साक्षीदार बाद होत नाही. अनेक अळंब्यांत दोन कवकजालांचे मीलन होते तेव्हा केंद्रके एकमेकांच्या जालात शिरतात. तंतुकणिका बहुधा आपापल्या ठिकाणीच राहतात. परिणामी केंद्रके सारखी असूनही जालाच्या दोन टोकांना तंतुकणिका भिन्न असू शकतात. दोन्ही साक्षी जुळल्या तर ओळख पक्की. न जुळल्या तर संकराचा किंवा भेसळीचा शोध घ्यावा लागेल. म्हणून केवळ 'डीएनए परीक्षित' असा शिक्का पाहून फार्मसीचालकांनी समाधान मानू नये. कोणता भाग तपासला, कोणत्या नमुन्याशी ताडून पाहिला, हे लेखी मागावे. (द्रव्याचे गुण, वीर्य आणि विपाक तो अहवाल सांगणार नाही, ते काम आपलेच.)

खरेदीच्या प्रत्येक खेपेतील एक तुकडा सुकवून, त्यावर वृक्ष, गाव, संकलनाची तारीख आणि संकलकाचे नाव लिहून जतन करावा. त्यामुळे सुश्रुतोक्त आश्रयही नोंदला जाईल आणि वंशाची शंका आल्यास मूळ द्रव्य हाताशी राहील. परीक्षा कच्च्या द्रव्याचीच करावी. क्वाथात किंवा अर्कात डीएनएचे तुकडे तुकडे होतात आणि मग दोन्ही साक्षीदार मुके होतात. लहान फार्मसींना हा खर्च एकट्याने पेलणारा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. एका जिल्ह्यातील चार-पाच जणांनी मिळून पुढील हंगामाच्या फणसांब्यापासून आरंभ करावा.