आखाती पगाराचे मूळ टेमघरात

भिवंडी आणि आखात यांचे नाते जुने आहे. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, आखाती राज्यांच्या तिजोऱ्या भरल्या आणि कोकणपट्टीतून व भिवंडी-कल्याण परिसरातून गवंडी, सुतार, वाहनचालक आणि कारकून यांची रांग तिकडे लागली. त्या रांगेत आता इंग्रजीचे शिक्षकही उभे आहेत. टेमघरसारख्या वस्तीत, जेथे एक पिढी यंत्रमागाच्या खडखडाटात राबली आणि दुसरीने पोटाला चिमटा काढून बी.ए., बी.एड. केले, तेथे दुबईच्या किंवा मस्कतच्या शाळेतील नोकरी ही सुटकेची वाट वाटू लागली आहे. या तरुणांना कोणी मोहाचा दोष देऊ नये. परंतु ज्या पगाराच्या ओढीने ते निघतात तो पगार ठरतो कसा, हे समाजवादी कार्यकर्त्याने समजून घेतलेच पाहिजे. कारण त्याचा हिशेब आखातात सुरू होत नाही. तो टेमघरातच सुरू होतो.

प्रथम आकड्याचा दिपवणारा प्रकाश बाजूला सारला पाहिजे. अमिरातीच्या दिरहमचा दर डॉलरशी बांधलेला आहे. एका डॉलरला सुमारे ३.६७ दिरहम हे प्रमाण गेली चार दशके हललेले नाही. १९८५ च्या सुमारास एका दिरहमला जेमतेम साडेतीन रुपये पडत. २०२४ साली तेवीसच्या आसपास पडले. म्हणजे तोच दिरहम रुपयांत सहापटींहून अधिक फुगला. यात शिक्षकाच्या श्रमाचे मोल वाढल्याचा काहीही भाग नाही. हा केवळ रुपयाच्या घसरणीचा हिशेब आहे. चार हजार दिरहम म्हणजे ९२ हजार रुपये, हा गुणाकार टेमघरात बसून करता येतो. पण खोलीचे भाडे, किराणा आणि औषध यांचे पैसे तेथे दिरहममध्येच मोजावे लागतात. अमिरातीच्या नियमानुसार कुटुंबाला सोबत नेण्यासाठी किमान चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहण्याची जागा, एवढी प्राप्ती लागते. त्याहून कमी पगाराच्या शिक्षिकेने इतरांची मुले शिकवायची आणि स्वतःची मुले आजीजवळ ठेवायची, असा त्याचा अर्थ होतो.

आखाती शाळांना दोन दारे आहेत. एक ब्रिटिश व अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांचे, दुसरे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे. पहिल्या दारावर ‘इंग्रजी ही मातृभाषा असलेला’ शिक्षक हवा, अशी पाटी असते. व्यवहारात तिचा अर्थ ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांचे पारपत्र. त्या शिक्षकाला सर्वसाधारणपणे महिना दहा ते पंधरा हजार दिरहम, शिवाय राहण्याची जागा, वर्षाला विमानाचे तिकीट आणि मुलांची फी मिळते. दुसऱ्या दाराने आत गेलेल्या भारतीय शिक्षकाला बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच पगार मिळतो. व्याकरण तेच, वाचनाचा तास तोच, वह्यांचा ढीगही तोच. फरक पारपत्राचा. परदेशी जाण्याच्या आशेने टेफलसारखी प्रमाणपत्रे विकत घेणाऱ्यांनी एवढे ओळखावे की प्रमाणपत्राने पारपत्र बदलत नाही. त्यात भर अशी की पतीच्या व्हिसावर तेथे राहणाऱ्या सुशिक्षित भारतीय स्त्रिया शाळांना आयत्याच मिळतात. त्यांच्या व्हिसाचा व तिकिटाचा खर्च शाळेला पडत नाही आणि ‘घरचा दुसरा पगार’ म्हणून त्यांना कमी मोबदला देण्याची पद्धत पडते. तोच कमी मोबदला मग भिवंडीहून एकट्या आलेल्या शिक्षिकेच्याही माथी बसतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचार केला तर परका मालक मजुरी ठरवताना पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हा माणूस घरी राहिला असता तर त्याला काय मिळाले असते? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र शासनानेच देऊन ठेवले आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण पात्रतेच्या शिक्षकाने तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काम करायचे, हा तिचा गाभा. २०२३ पूर्वी हे मानधन प्राथमिकला सहा, माध्यमिकला आठ आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. तेही मिळण्यासाठी आधी नेमणूक व्हावी लागते. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. पुढे ‘पवित्र’ संकेतस्थळाचा मार्ग काढला गेला, परंतु भरती तुकड्यातुकड्यांनीच होत राहिली. विनाअनुदानित शाळांच्या नावामागचा ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये गळाला, आणि अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा हप्ता मिळायला २०१६ साल उजाडले. दरम्यान शिक्षकांनी काय खाल्ले, हा प्रश्न अर्थसंकल्पात नव्हता. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हा अनेक खाजगी संस्थांतील प्रकार तर शिक्षकांच्या वर्तुळात सर्वांनाच ठाऊक आहे. दुबईचा संस्थाचालक तीन हजार दिरहम देऊ करतो तेव्हा तो उदार नसतो. तो केवळ महाराष्ट्रातील पडलेल्या भावापेक्षा थोडी अधिक बोली लावत असतो.

भिवंडीच्या कामगाराला ही रीत नवी वाटणार नाही. सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे, मीटरमागची मजुरीही दुसऱ्यानेच ठरवलेली, आणि मागणी घटली की पहिला माग बंद पडतो तो मजुरीवर विणणाऱ्याचा. आखातातील शिक्षकाची अवस्था याहून फार वेगळी नाही. सौदी अरेबियाने जुलै २०१७ मध्ये परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक आश्रितावर महिना शंभर रियाल शुल्क बसवले आणि दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ते चारशेवर नेले. अनेकांनी बायकामुले मायदेशी पाठवली, भारतीय शाळांचे वर्ग रिकामे होऊ लागले आणि शिक्षकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. शिक्षक चांगला की वाईट, हा प्रश्नच तेथे उद्भवला नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापले तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. कित्येकांची आयुष्याची पुंजी तेथेच राहिली. २०२० च्या महामारीत पगारकपात आणि परतीची विमाने पुन्हा दिसली. स्थानिक नागरिकांना आधी नोकरी, हे धोरण तर सर्वच आखाती राज्यांत घट्ट होत आहे, आणि त्या राज्यांच्या दृष्टीने ते गैरही म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार भारतात येणाऱ्या परदेशस्थांच्या पैशातील आखाती देशांचा वाटा २०१६-१७ मध्ये सुमारे ४७ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३८ टक्क्यांवर आला. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून समजावे.

यावर कोणी म्हणेल की जाणारा स्वखुशीने जातो आणि चार पैसे मागे टाकतो, मग पक्षाने यात का पडावे? चार पैसे मागे पडतात हे खरेच आहे. त्यावर टेमघरात घराचे छप्पर झाले, बहिणीचे शिक्षण झाले, बापाचे कर्ज फिटले, याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जेथे घरी राहण्याचा पर्याय अठरा हजारांच्या मानधनाचा आणि तोही अनिश्चित, तेथे ‘स्वखुशी’ हा शब्द जपून वापरावा. शिवाय अमिरात व सौदी अरेबियात कामगाराला संघटना काढता येत नाही, संपही करता येत नाही. ज्या शिक्षकवर्गाने महाराष्ट्रात लढून नोकरीची शाश्वती मिळवली, त्याचीच पुढची पिढी सामुदायिक बळ सीमेवर ठेवून एकेकटी विमानात बसते. ही हानी रुपयांत मोजता येत नाही.

तेव्हा करायचे काय? जाणाऱ्याला अडवणे हे काम नव्हे. त्याला करार वाचायला शिकवणे हे काम आहे. अमिरातीत सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. एकूण पगारावर ती मोजली जात नाही. चार हजार दिरहमपैकी मूळ वेतन दोनच हजार दाखवले, तर पाच वर्षांअंती चौदा हजारांऐवजी सात हजार दिरहम हाती पडतात. म्हणजे एका ओळीत दीड लाखाहून अधिक रुपयांचा फरक! भरती करणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, आणि तो तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक रक्कम तर मागत नाही ना, हेही तपासावे. प्रत्येक शाखेत या दोन गोष्टी जाणणारा एक तरी कार्यकर्ता असला पाहिजे.

परंतु एवढ्याने मूळ दुखणे हटणार नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे आणि तो १९८१ पासून लागू आहे; तो विनाअनुदानित शाळांनाही बांधतो. ठरलेली वेतनश्रेणी, बेकायदा बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद, हे सारे त्यात आहे. तो कायदा भिवंडीच्या प्रत्येक खाजगी शाळेत अमलात आणवणे, मानधनाची पद्धत मोडून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन मागणे आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी शासनाला भाग पाडणे, ही लढाई आखातातील शिक्षकाचीही लढाई आहे. टेमघरच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेला ज्या दिवशी सन्मानाने जगण्याइतका पगार मिळेल, त्या दिवशी दुबईच्या संस्थाचालकालाही आपली बोली वाढवावी लागेल. तिकडे जायचे की नाही, हे ती मग खरोखरच स्वखुशीने ठरवू शकेल.