चौथ्या पुस्तकाआधी थोडे थांबा

चिनी भाषेची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला उभारी देणारी असतात. चार सूर जिभेवर बसतात, काही शे अक्षरे ओळखीची होतात, कुटुंब, हवामान, बाजारहाट यांवर चार वाक्ये बोलता येतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. प्राथमिक पुस्तके संपतात आणि घरात प्रश्न निघतो, आता पुढे कोणते? आपल्यापैकी बहुतेक पालकांचे उत्तर ठरलेले असते : तिसरा भाग संपला ना, मग चौथा आणा. माझे स्पष्ट मत असे, की हुशार आणि कष्टाळू मुलेही याच वळणावर चिनी सोडून देतात, आणि त्याला हे घाईचे उत्तर बरेचसे जबाबदार आहे.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी चीन जी ‘एचएसके’ परीक्षा घेतो तिचेच उदाहरण घेऊ. २०१० मध्ये आलेल्या सहा स्तरांच्या पद्धतीत तिसऱ्या स्तराला ६००, चौथ्याला १२००, पाचव्याला २५०० आणि सहाव्याला ५००० शब्द धरले होते. पहिल्या चार स्तरांत मिळून जेवढे शब्द, त्याहून १०० अधिक एकट्या पाचव्या स्तरात नव्याने शिकायचे! पुस्तकाच्या पाठीवर मात्र ४ नंतर ५ एवढेच छापलेले असते. त्यातच २०२१ मध्ये नऊ स्तरांची नवी मानके आली आणि एकूण शब्दसंख्या ११,०९२ झाली. म्हणजे जुन्या पुस्तकातला ‘पाचवा स्तर’ आणि नव्या मानकांतला ‘पाचवा स्तर’ एक नाहीत. केवळ क्रमांकावर विसंबून पुस्तक घेणे किती धोक्याचे, हे यावरून लक्षात यावे.

दुसरी अडचण भाषेच्या वळणाची. आपण बोलताना ‘म्हणून’ म्हणतो, लेखात ‘परिणामी’ लिहितो. चिनीतही बोलताना ‘सुओयी’ आणि लेखी मजकुरात ‘यिनत्स’ असा भेद आहे. प्राथमिक पुस्तकांत बहुतेक संवाद असतात. मध्यम पातळीवर निबंध आणि वर्तमानपत्री उतारे सुरू होतात. शब्द वाढतात आणि त्याच वेळी भाषाही छापील होते. शिवाय अक्षरे ओळखीची असली म्हणजे शब्द कळतोच असे नाही. ‘दोंग’ म्हणजे पूर्व, ‘शी’ म्हणजे पश्चिम. दोन्ही जोडली की अर्थ होतो ‘वस्तू’. आणि चिनीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हेही वाचणाऱ्यानेच ओळखायचे.

मग निवड कशी करावी? माझी सूचना साधी आहे. पुस्तकाच्या मधले एखादे पान उघडावे, त्यातले शंभर शब्द मोजावेत आणि अनोळखी किती ते पाहावे. दोनच असतील, तर ते पुस्तक स्वतः वाचण्याजोगे. सात-आठ असतील, तर शिक्षकांच्या मदतीने शिकण्याजोगे. पंधरा असतील, तर ते निमूटपणे कपाटात परत ठेवावे. वर्षभराने पुन्हा काढता येईल. यातला दोनचा आकडा मनचा नाही. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांची पाहणी करून दाखवले, की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. भाषा वेगळी असली तरी वाचणाऱ्याचे मन तेच असते.

यातूनच माझे दुसरे म्हणणे निघते : पुढचे पुस्तक एक नको, दोन हवीत. एक शिकण्याचे, एक वाचण्याचे. शिकण्यासाठी ‘न्यू प्रॅक्टिकल चायनीज रीडर’, ‘इंटिग्रेटेड चायनीज’ किंवा परीक्षा द्यायची असेल तर ‘एचएसके स्टँडर्ड कोर्स’, यांपैकी पानाच्या कसोटीला उतरेल ते घ्यावे. तैवानच्या ‘अ कोर्स इन कंटेम्पररी चायनीज’मध्ये पारंपरिक लिपी आहे, आतापर्यंत सोपी केलेली लिपी शिकलेल्याने तिकडे वळण्यापूर्वी विचार करावा. वाचनासाठी ‘चायनीज ब्रीझ’ ही पेकिंग विद्यापीठ प्रकाशनाची माला आहे. तिच्यात ३००, ५००, ७५० अशा शब्दांच्या पायऱ्यांनी गोष्टी लिहिल्या आहेत. ‘मँडरिन कंपॅनियन’ ही दुसरी अशीच माला.

काही पालक म्हणतील, “सोप्या गोष्टी वाचून परीक्षेत गुण मिळतात का?” शंका रास्त आहे. परीक्षेची तारीख जवळ असेल तर तिच्या पुस्तकाला पर्याय नाही, हे मीही मानतो. पण पाठ केलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटला नाही तर विसरतो, हे घरात मराठी, शेजारी गुजराती आणि शाळेत इंग्रजी सांभाळणाऱ्या आपल्या बडोद्याच्या मुलांना सांगायला नको. शब्दाला पुन्हा भेटण्याची जागा म्हणजे सोपे वाचन. शिवाय तिसऱ्या स्तरापासून एचएसकेच्या प्रश्नपत्रिकेत पिनयिनचा आधार नसतो आणि वेळ मोजकाच असतो. तिथे सरावाने वाचणाराच तरतो.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. चिनी शिकणारी मुले आपल्यात थोडीच आहेत, म्हणून प्रत्येक घराने वेगळा महागडा संच घेण्याऐवजी शाळेच्या ग्रंथालयात एक संच आणि अशी पंधरा-वीस पातळ गोष्टींची पुस्तके ठेवावीत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, त्या गावाला ही कल्पना परकी वाटू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, नवे पुस्तक सोपे वाटले तर कमीपणा मानू नका. महिनाभरात संपवलेली सोपी गोष्ट ही तिसऱ्या पाठावर अडलेल्या जाड ग्रंथापेक्षा तुम्हाला पुष्कळ पुढे नेते. उद्या ग्रंथालयात गेलात, की आधी मधले पान उघडा आणि मोजायला लागा.