पेत्राला वकिलाची गरज नव्हती

आपल्या समाजात एक समजूत खोलवर रुजली आहे. नम्रता हा धाकट्यांनी पाळावयाचा सद्गुण आहे, ही ती समजूत. मुलाने बापाचे ऐकावे, सुनेने सासूचे ऐकावे, धर्मग्रामस्थांनी धर्मगुरूंचे ऐकावे. कानउघाडणी नेहमी वरून खाली व्हावी. सणाच्या हिशेबातील तफावत एखाद्या तरुणाने सभेत दाखविली, तर तफावत बाजूला राहते आणि त्याचा आगाऊपणा हाच सभेचा विषय होऊन बसतो. शास्त्राधारही तयारच असतो : नोहाच्या शहाण्या पुत्रांनी बापाची नग्नता झाकली नाही काय?

या समजुतीला आमचा स्पष्ट विरोध आहे आणि तो आम्ही गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आधारे नोंदवीत आहोत. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांतून आलेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवावयास बसत असे. याकोबाकडून काही मंडळी आली, तसा तो भयाने वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बर्णबाही ओढला गेला. पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी वाचकांना वेगळे सांगावयास नको. पौलाने पेत्राला सर्वांदेखत, तोंडावर दोष दिला.

हा प्रसंग पुढे संत जेरोम यांना पेलवेना. प्रेषितांचा प्रमुख खरोखर चुकला, हे मान्य करण्याऐवजी त्यांनी आपल्या भाष्यात असा अर्थ लावला की, वाद लटका होता. लोकांच्या हितासाठी दोघांनी तो वठविला. हिप्पोच्या संत ऑगस्टीन यांनी पत्राने हरकत घेतली. दुर्दैवाने ते पत्र बेथलेहेमला पोहोचण्यापूर्वीच त्याच्या प्रती इटलीत फिरल्या, आणि वृद्ध पंडिताचा पारा चढला. तरीही ऑगस्टीन यांनी इ. स. 405 च्या सुमारास पुन्हा लिहिले. पौलाच्या धैर्यापेक्षाही, मागून आलेल्याकडून बोल ऐकून घेणाऱ्या पेत्राचा कित्ता अधिक दुर्मिळ व अधिक पवित्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच पत्रात हा बिशप एका साध्या धर्मगुरूला सांगतो की, पदाने मी वरचा असलो तरी अनेक बाबतींत तुमच्याहून लहान आहे. आणि लहानाने केलेली सुधारणाही तुच्छ मानू नये.

जेरोम यांनी पेत्राची अब्रू राखावयास जावे आणि त्याचा एक थोर सद्गुणच काढून घ्यावा! नाटकात बोल ऐकणाऱ्याची कसली आली नम्रता? वडीलधाऱ्यांच्या चुकांवर पांघरूण घालणारी आपली वकिली याच जातीची आहे. धर्मगुरूंच्या झग्याला ती विशेष मानवते, हे आम्ही झग्यातूनच सांगत आहोत.

कोणी मत्तयाच्या अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवील : आधी एकांतात सांगावे. मान्य. परंतु तेथेच पुढे दोघा-तिघांना सोबत नेण्याची व शेवटी मंडळीला कळविण्याची पायरी आहे. तिथवर येण्याआधी आपले पुस्तक मिटते. शिवाय पेत्राची चूक काही एकांतात घडली नव्हती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याच प्रसंगावरून प्रतिपादन केले की, श्रद्धेला धोका असेल तर कनिष्ठाने वरिष्ठाला उघडपणेही सांगावे. 1983 च्या धर्मविधान संहितेचा 212 वा नियम तर, मंडळीच्या हिताविषयीचे आपले मत पाळकांना आदरपूर्वक कळविणे हा श्रद्धावंतांचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्य मानतो. किती धर्मग्राम मंडळांत तो मोठ्याने वाचला गेला आहे?

निनावी पत्रे धाडणाऱ्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. पौल समोर उभा राहून बोलला आणि लिहिले तेही स्वतःच्या नावाने. सौम्य वृत्तीने सावरावे व स्वतःकडेही लक्ष द्यावे, ही ताकीद त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे.

जेरोम यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. इ. स. 415 च्या सुमारास पेलाजियसच्या मतांविरुद्ध लिहिताना, निर्दोष कोणीच नाही हे पटविण्यासाठी त्यांनी एक उदाहरण दिले. ते अंत्युखियातील पेत्राचे होते.