जुना कॅमेरा, नवी पाठ आणि कापडाचा खरा रंग

आपल्या कापडाच्या धंद्यात पूर्वी एक रिवाज होता. गिऱ्हाईक रंग पसंत करताना तागा उचलून दुकानाच्या पायरीवर जायचे, दिवसाच्या उजेडात पाहायचे आणि मगच भाव विचारायचे. त्याला कोणी हरकत घेत नसे. ट्यूबलाइटखालचा मोरपंखी उन्हात दुसराच निघतो, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे. आज ती पायरी उरलेली नाही. नागपूरचा, हैदराबादचा किंवा दुबईचा खरेदीदार मोबाइलवर फोटो पाहतो आणि तेथूनच ऑर्डर देतो. पायरीवरचा उजेड दाखवण्याची जबाबदारी आता फोटोवर आली आहे. आणि तो फोटो आपण काढतो कसा? दुकानातल्या पोऱ्याच्या हातात मोबाइल देऊन.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. २०२३ साली एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला मी साठ साड्यांचा लॉट पाठवला. त्यातल्या तेवीस साड्या परत आल्या, कारण फोटोत निळसर दिसणारा रंग प्रत्यक्षात रामा होता. त्याची काही चूक नव्हती. मोबाइल फोटो आपल्या मर्जीने उजळतो, रंग गडद करतो, आणि आपण खूश होतो की माल छान दिसला. माल छान दिसणे आणि माल जसा आहे तसा दिसणे यात जो फरक आहे, तो मला जाण्या-येण्याच्या भाड्यासकट भरावा लागला. गज आखूड ठेवून कापड विकणे आपण हराम समजतो. मग फोटोतला रंग चुकीचा दाखवणे हे कोणते माप?

त्याच सुमारास आमच्याकडच्या एका जुन्या फोटोग्राफरचा मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांना आम्ही सारे उस्ताद म्हणत असू. नव्वदच्या दशकात आमच्या साड्यांचे कॅटलॉग त्यांनीच काढले. त्यांच्याकडे हॅसलब्लाडचा ५०० सी/एम कॅमेरा होता, स्वीडनचा. पोटाशी धरून वरून पाहायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे उस्ताद एकेका फोटोसाठी अर्धा तास साडीच्या निऱ्या नीट करीत. मुलगा म्हणाला, "चाचा, अब्बांचा कॅमेरा कपाटात पडून आहे. एक गिऱ्हाईक जुन्या बाजाराच्या भावात मागतोय. दुसरीकडे एक सेकंडहँड डिजिटल बॅक मिळतेय, पण तिची किंमत माझ्या वर्षाच्या कमाईएवढी आहे. अर्धे पैसे तुम्ही घाला, तुमचे कॅटलॉग मी काढून देतो. सांगा, विकू की घेऊ?"

त्याला उत्तर देण्यासाठी मी जी चौकशी केली, जे तजुर्बे घेतले, ते आपल्या व्यापारी व कारीगर बांधवांपुढे ठेवतो, कारण हा प्रश्न त्या एकट्या मुलाचा नाही. आपल्यातले कितीतरी स्टुडिओवाले जुने कॅमेरे असेच कपाटात ठेवून आहेत.

डिजिटल बॅक म्हणजे काय, हे मागवाल्याला एका वाक्यात समजेल. जॅकार्डची पुठ्ठ्याची पाने गेली, त्या जागी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, पण खालचा माग तोच राहिला. हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यात लेन्स, पेटी आणि मागे रोल ठेवायचे मॅगझिन असे तिन्ही भाग सुटे होतात. ते मॅगझिन काढायचे आणि त्या जागी सेन्सर असलेली डबी अडकवायची, एवढेच. पाठ बदलण्याची कल्पनाही नवी नाही. उस्ताद आधी पोलरॉइडची पाठ लावून एक फोटो काढत, उजेड तपासत, मग खरा रोल लावत. डिजिटलची पाठ १९९१ मध्ये लीफ या कंपनीने प्रथम आणली. तिच्यात चार मेगापिक्सेल होते आणि रंगीत फोटोसाठी लाल, हिरव्या व निळ्या काचेतून तीन वेळा फोटो घ्यावा लागे. म्हणजे माणूस हलला की संपले, पण कापड हलत नाही! पुढे डेन्मार्कच्या फेज वनने हे काम वाढवले. २०१८ मध्ये तिची दीडशे मेगापिक्सेलची बॅक आली. हॅसलब्लाडने जुन्या घराण्याच्या कॅमेऱ्यांचे उत्पादन २०१३ मध्ये थांबवले, तरी त्यांना बसणारी बॅक मात्र काढतच राहिली. २०१४ ची पन्नास मेगापिक्सेलची, २०१९ ची तिची सुधारलेली आवृत्ती आणि जानेवारी २०२४ मध्ये शंभर मेगापिक्सेलची. ही शेवटची एका लहान पेटीसह अमेरिकेत ८,१९९ डॉलरला निघाली. वर आपली आयात ड्यूटी. आता समजा.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणी उत्साहाने पैसे घालवेल. आपल्याकडे बहुसंख्य स्टुडिओंत जो यशिका मॅट किंवा रोलायकॉर्ड असे, दोन भिंगांचा, त्याला ही बॅक लागत नाही. त्याची पाठ सुटी होतच नाही. मामिया आर. बी. ६७ ला लागते, पण मध्ये जोडपट्टी हवी. तेव्हा घरात जुना कॅमेरा आहे एवढ्यावर कोणी सौदा करू नये.

मी त्या मुलाला म्हणालो, आधी भाड्याने आण. दोन दिवसांसाठी मुंबईहून पन्नास मेगापिक्सेलची बॅक भाड्याने आणली. निम्मे भाडे मी दिले. आणि मी माझ्या गोदामातली सर्वांत त्रासदायक कापडे काढली: तीच रामा साडी, एक धूपछाव रेशीम, औरंगाबादी हिमरूची शाल, निळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीचे शर्टिंग, पांढरी मलमल आणि बुरख्याचा काळा निदा. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची तर सुंदर मुलीचा फोटो काढून भागत नाही. धूपछावचा काढावा.

पहिला घोटाळा लगेच कळला. जुन्या रोलवरचा फोटो ५६ मिलिमीटर लांब-रुंद चौकोनी असे. या बॅकचा सेन्सर ४४ बाय ३३, म्हणजे निम्म्याहूनही कमी जागा. व्ह्यूफाइंडरमध्ये सबंध पदर दिसतो आणि फोटोत त्याचा काठ कापलेला येतो. काचेवर खुणा करून घ्याव्या लागल्या. उस्तादांची नेहमीची ८० ची लेन्स आता दुरून पाहणाऱ्या लेन्ससारखी वागू लागली. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला पाठ टेकली तरी पूर्ण साडी मावेना. ५० ची लेन्स होती म्हणून निभावले. शिवाय सेन्सर आडवा. उभा फोटो हवा तर कॅमेराच कलंडवायचा, मग वरून पाहणार कसे? शेवटी आडवाच फोटो काढून उभा तुकडा कापला. पन्नासातले सुमारे एकोणतीस मेगापिक्सेल उरले, ते कॅटलॉगच्या पानाला पुरून उरतात.

दुसरा घोटाळा फोकसचा. फिल्म थोडी माफ करायची. सेन्सर करत नाही. आरशाखालचा स्पंज वर्षानुवर्षांत दबून आरसा केसभर खाली बसला होता, त्यामुळे काचेत स्पष्ट दिसणारी जर फोटोत मऊ येत होती. मुलाला वाटले बॅक खराब आहे. बॅक ठीक होती, आरसा चुकत होता. जुन्या यंत्रावर नवे यंत्र बसवले की जुन्याचे सारे आजार बाहेर येतात, हे मागवाल्यांना मी वेगळे सांगायला नको.

आता चौकडीच्या शर्टिंगची गोष्ट. फोटोत त्यावर इंद्रधनुष्यासारख्या लहरी उठल्या. जाळीची एक ओढणी दुसरीवर ठेवली की जशा लहरी दिसतात, तशा. कारणही तेच: एक जाळी धाग्यांची, दुसरी सेन्सरच्या ठिपक्यांची. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत हे दबवण्यासाठी सेन्सरपुढे एक चाळणी असते. बॅकमध्ये बारकावा जाऊ नये म्हणून ती ठेवत नाहीत, म्हणून हा त्रास कापडवाल्यांना जास्त. याला फोटोग्राफर मोआरे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, पण त्याचे मूळ अरबी "मुखय्यर", म्हणजे निवडक, हे कळल्यावर मला गंमत वाटली. बकरीच्या केसांच्या उंची कापडाचे ते नाव, युरोपात जाऊन मोहेर झाले आणि तिथून मोआरे. कापडाचाच शब्द कापडवाल्याला छळायला परत आला! उपाय सोपा निघाला. कॅमेरा वीतभर पुढे सरकवला आणि लहरी गेल्या. पण त्या आहेत हे पाहण्याची नजर हवी, आणि फोटो संगणकावर मोठा करूनच पाहायला हवा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर खोट्या लहरीही दिसतात आणि खऱ्या लपतातही.

पांढरी मलमल निळसर आली. कापडाला चकाकी देणारे जे रसायन लावतात, ते फ्लॅशमधल्या अदृश्य किरणांनी उजळते. फ्लॅशवर किरण अडवणारे आवरण घातल्यावर ती जागेवर आली. काळा निदा या बॅकमध्ये काळाच राहिला, पण जुनी बॅक घेणाऱ्याने तो जरूर तपासावा. २००६ मध्ये लायकासारख्या नामांकित कंपनीच्या एम ८ कॅमेऱ्यात काळे कृत्रिम कापड जांभळट येत असे, कारण अशी कापडे अवरक्त किरण परतवतात आणि त्या कॅमेऱ्यात ते पुरेसे अडवले नव्हते. कंपनीला ग्राहकांना वेगळे फिल्टर द्यावे लागले. आपला निम्मा धंदा काळ्या कापडाचा, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि रामा? करड्या रंगाचे कार्ड शेजारी ठेवून, एकाच फ्लॅशवर फोटो काढला. मॉनिटरही रंग जुळवलेला होता. मग साडी घेऊन मी दारात, उजेडात उभा राहिलो आणि मुलगा मॉनिटर त्या बाजूला वळवून. खरे सांगतो, मला फरक काढता आला नाही. हिमरूचा एकेक धागा मोजता येत होता. धूपछावचा ताणा आणि बाणा वेगळा ओळखू येत होता.

पण तोच फोटो मोबाइलवर पाठवला आणि रामा पुन्हा थोडा फिका पडला. इंटरनेटवरच्या फोटोंसाठी एसआरजीबी नावाचे रंगांचे जे माप १९९९ पासून प्रमाण म्हणून चालते, त्यात हिरव्या-निळ्याच्या गर्द छटा पूर्ण मावतच नाहीत. डबी मोठी घेतली, पण माल शेवटी छोट्याच पिशवीतून जातो. म्हणून माझे मत असे की, जो व्यापारी फक्त मोबाइलवर फोटो टाकून माल विकतो, त्याने डिजिटल बॅकच्या वाटेला जाऊ नये. साधा चांगला कॅमेरा, एकच प्रकारचा दिवा आणि करडे कार्ड एवढ्यावर त्याचे ऐंशी टक्के काम होईल, आणि परत येणाऱ्या मालाचा मोठा भाग केवळ त्या कार्डानेच वाचेल. बॅकची खरी कदर छापील कॅटलॉगमध्ये आहे, पैठणी-हिमरूसारख्या विणीच्या मालात आहे, जेथे धागा दाखवूनच भाव मिळतो.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी स्वस्त म्हणून फार जुनी बॅक घेऊ नये. तिला लागणारी फायरवायरची जागा आजच्या संगणकांत नसते, बॅटऱ्या मिळत नाहीत, मंद उजेडात ती दाणे पाडते. काहींत फोटोच्या मधोमध पुसट रेघ येते. सपाट करड्या भिंतीचा फोटो काढला की ती आणि सेन्सरवरची धूळ दोन्ही दिसतात. बॅक कोणत्या कॅमेऱ्यासाठी बनलेली आहे हेही पाहावे. जोड वेगवेगळे असतात, नंतर बदलणे महाग पडते.

त्या मुलाला मी सांगितले की कॅमेरा विकू नकोस, आणि बॅकही घेऊ नकोस, निदान एकट्याने हप्त्यावर तर नाहीच. माझा सल्ला त्याला पसंत पडला नाही. भाड्याच्या वस्तूने हात बसत नाही, असे त्याचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. उस्तादांचा हात त्या कॅमेऱ्यावर वीस वर्षांत बसला होता. मग मी बाजारातल्या आणखी तिघा व्यापाऱ्यांना गाठले. ठरले असे की महिन्यातून दोन दिवस बॅक भाड्याने आणायची, भाडे चौघांनी वाटून घ्यायचे, त्या दोन दिवसांत चौघांचा नवा माल काढायचा आणि मुलाची मजुरी वेगळी द्यायची. तिघांपैकी एकाने अजून होकार दिलेला नाही. त्याला मोबाइलचे फोटो अधिक चमकदार वाटतात. वर्षभराने हिशेब मांडू. भाड्यात गेलेली रक्कम बॅकच्या किमतीच्या निम्म्यावर आली, तर पाचही जणांनी मिळून विकत घ्यायची, कागद करून.

कॅमेरा सध्या आरशाच्या दुरुस्तीला दिला आहे. परत आलेल्या त्या तेवीस साड्या अजून माझ्या गोदामात आहेत, घडी न मोडता. पहिल्या दिवशी आधी त्याच काढायच्या असे मुलाला सांगून ठेवले आहे.