मुंबई-न्यूयॉर्क अंतर १२,५४० किमी, हिशेब १४ तासांचा; मग विमानाला १५-१६ तास का लागतात?

शहापूर-मुरबाडमधल्या ज्या घरांतली मुले अमेरिकेत नोकरीला आहेत, तिथे आईवडिलांचे तिकीट काढताना हा प्रश्न हमखास निघतो. वेबसाइटवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५४० किमी दिसते. ताशी ९०० किमीने भागले की १४ तास. थेट विमानाच्या तिकिटावर मात्र १५ ते १६ तास. यात चूक कोणाचीच नाही.

दोरा ताणून पाहा

१२,५४० किमी हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर आहे. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते. पण शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे चढतो, आइसलँडच्या अक्षांशापर्यंत पोहोचतो आणि मग खाली उतरतो.

हा दोरा पाकिस्तानवरून जातो. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि पुढे ही मुदत वाढत गेली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर जवळपास पाच महिने हेच झाले होते. त्यामुळे भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडतो. परदेशी कंपन्यांना ही बंदी नाही. मुंबईला समुद्र शेजारीच असल्याने दिल्लीइतका फटका बसत नाही.

वारा कुणाच्या बाजूने?

साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो. पृथ्वीच्या फिरण्याने विमानाला थेट वेळ वाचवता येत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. व्हॉट्सॲपवर उलटे फिरत असते, ते सोडून द्या.

शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठीची रांग त्यातच धरलेली असते.

घड्याळाचा घोळ

समजा, विमान रात्री १.३० ला निघाले आणि सकाळी ७.३० ला पोहोचले. प्रवास सहा तासांचा वाटतो, पण दोन्ही वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असते, म्हणजे खरा प्रवास साडेपंधरा तासांचा. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. आईवडिलांना मधुमेह असेल, तर इन्सुलिनच्या वेळा घड्याळावरून नव्हे, अशा खऱ्या तासांवरून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत.

वेबसाइट न सांगणारा एक टप्पा घराजवळचाच आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणपर्यंत रस्त्यानेच यावे लागते. शहापूरहून समृद्धी महामार्ग धरला तरी तो भिवंडी तालुक्यात आमणेला संपतो आणि पुढे ठाण्याची कोंडी ठरलेली. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, तर रात्री १.३० च्या विमानासाठी शहापूरहून संध्याकाळी सात-साडेसातलाच निघालेले बरे.