चौकोनातली समता आणि जिन्यावरचा मुलगा

सिनेमा बघताना पडद्याइतकंच प्रेक्षकांकडेही लक्ष द्यावं. कोण कुठे हसतो आणि कुठे गप्प बसतो, यावरून माणूस कुठे उभा आहे ते कळतं.

'द स्क्वेअर' हा स्वीडिश सिनेमा मी एका फिल्म क्लबमध्ये पाहिला. दिग्दर्शक रुबेन ऑस्टलुंड. २०१७ साली कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक या सिनेमाला मिळालं. स्टॉकहोममधलं एक बडं कलासंग्रहालय आणि तिथला देखणा, सुशिक्षित, पुरोगामी क्युरेटर क्रिस्टियन यांची ही विनोदी, बोचरी गोष्ट आहे. संग्रहालयात खडीचे ढीग 'कलाकृती' म्हणून मांडलेले असतात. सफाई कामगाराच्या मशीनमध्ये त्यातला काही भाग चुकून ओढला जातो. यावर सभागृह खो खो हसलं. नंतरच्या चर्चेत एक जाणकार म्हणाले, "आधुनिक कला म्हणजे थोतांड, हे दिग्दर्शकाने झकास दाखवलंय." टाळ्या पडल्या.

माझा या टाळ्यांवर आक्षेप आहे. हा सिनेमा खडीच्या ढिगाबद्दल नाही. तो समतेच्या देखाव्याबद्दल आहे, आणि म्हणून तो आपला विषय आहे.

तो ढीगच घ्या. दिव्याखाली ठेवला तर कला, झाडूसमोर आला तर कचरा. हे ठरवतो कोण? ज्याच्या हातात संग्रहालयाची किल्ली आहे तो. ढीग बिघडल्यावर क्रिस्टियन फोटो बघून तो गुपचूप पुन्हा रचायला सांगतो. म्हणजे पावित्र्य त्या खडीत नव्हतंच, ते ठरवणाऱ्याच्या सत्तेत होतं. हे आपल्याला कुणी स्वीडनहून येऊन शिकवायला नको. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती तेव्हा ते शुद्ध होतं. आपल्या माणसांनी ओंजळ भरली आणि ते 'बाटलं'.

आता मूळ 'स्क्वेअर'कडे येऊ. संग्रहालयासमोर राजाचा घोड्यावरचा पुतळा असतो. तो क्रेनने हलवताना कोसळतो. त्या जागी फरशीत एक उजळ चौकोन आखला जातो. चौकोनात सगळे समान, सगळ्यांचे हक्क आणि कर्तव्यं सारखी, कुणी मदत मागितली तर ती करायची, अशी ही कलाकृती. कल्पना चांगली आहे. पण त्या चौकोनाबाहेर, त्याच शहराच्या फुटपाथवर भिकारी बसलेले असतात आणि सुटाबुटातली माणसं त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जात असतात. समता आहे, पण आखलेल्या जागेत आणि तिकिटाच्या वेळेत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल, असं त्यांनी बजावलं. एका मतपेटीपुरता चौकोन आखून थांबू नका, हाच त्याचा अर्थ.

सिनेमाचं खरं काळीज मात्र एका लहान मुलात आहे. क्रिस्टियनचा फोन आणि पाकीट चोरीला जातं. फोन गरीब वस्तीतल्या एका इमारतीत असल्याचं कळतं. नेमकं घर माहीत नाही. मग हा समतेचा क्युरेटर काय करतो? त्या इमारतीतल्या प्रत्येक दारात धमकीचं पत्र टाकतो. सगळी इमारतच चोर! गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी थेट पारध्यांच्या पालावर का जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

त्या पत्रामुळे एका मुलाचे आईबाप त्यालाच चोर समजतात. मुलगा क्रिस्टियनच्या घरी येऊन धडकतो. त्याला पैसे नकोत, दया नको. माझी आणि माझ्या घरच्यांची माफी माग, एवढंच त्याचं म्हणणं. क्रिस्टियन त्याला टाळतो, हुसकावतो, झटापटीत मुलगा जिन्यावरून पडतो. नंतर त्याच्या मदतीच्या हाका जिन्यात घुमत राहतात. चौकोनाचा नियम काय होता? मदत मागितली तर करायची! इथे सभागृहात कुणी हसलं नाही. पण चर्चेत त्या मुलाचं नावही निघालं नाही. निघणार कसं? सिनेमानेही त्याला नाव दिलेलं नाही.

पुढे क्रिस्टियनला उपरती होते आणि तो फोनवर माफीचा व्हिडिओ रेकॉर्ड करतो. सुरुवात बरी होते, 'माझं चुकलं'. पण दोन मिनिटांत गाडी समाज, पूर्वग्रह, संपत्तीचं वाटप अशा मोठ्या प्रश्नांवर जाते. 'मी' गायब होतो, 'व्यवस्था' उरते.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. व्यवस्था हा शब्द आपला आहे. जात ही एखाद्याची वाईट सवय नसून व्यवस्था आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. आपण हा शब्द उच्चारतो तो जबाबदारी निश्चित करण्यासाठी. पुरोगामी सवर्ण तोच शब्द उच्चारतो तेव्हा पुष्कळदा त्याला जबाबदारीतून निसटायचं असतं. "जातिव्यवस्था फार वाईट आहे हो," असं म्हणणाऱ्या घरमालकाला विचारा, मग आडनाव ऐकल्यावर खोली भाड्याने का दिली नाहीस? उत्तर मिळणार नाही.

दिग्दर्शकालाही मी सोडणार नाही. क्रिस्टियनची लाज, क्रिस्टियनच्या मुली, क्रिस्टियनची नोकरी, सगळं कॅमेरा जवळून बघतो. मुलाच्या घरात तो एकदाही शिरत नाही. शेवटी क्रिस्टियन माफी मागायला त्या इमारतीत जातो तेव्हा शेजारी सांगतो, ते लोक इथून गेले. सिनेमा संपतो. शोषकाच्या अपराधभावाची गोष्ट पूर्ण होते, मुलाची अर्धीच राहते. कानच्या झगमगाटात ज्यांची टर उडवली त्यांनीच टाळ्या वाजवल्या, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून ती अर्धी गोष्ट आपण पूर्ण करायची. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले! पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. छान चौकोन आखला गेला. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा ते पाणी खरोखर ओंजळीत आलं. त्याचे चटकेही बसले. आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तरी माणसं मागे हटली नाहीत.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारू या. आपल्या जयंतीच्या मंचावर समतेची भाषणं होतात, तेव्हा मागे सतरंज्या उचलणारी पोरं आणि चहा करणाऱ्या बाया कोण असतात? त्यांना माईक मिळतो का? मिळत नसेल तर आपणही एक चौकोनच आखला आहे.

सिनेमा जरूर बघा. ढिगावर हसलात तरी हरकत नाही. पण घरी जाताना जिन्यावरच्या त्या मुलाची हाक कानात राहू द्या. तो भीक मागत नव्हता, हिशोब मागत होता.

जय भीम!